खोड, सवय आणि मंत्रचळ

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. पाणी आलं की पिंप, बादल्या, घागरी, हाताला लागेल ते भांडं भरून ठेवायचं, ही इथल्या घराघरातली सवय. अशा घरात माझी ताई एका वेळच्या हात धुण्याला दीड बादली पाणी संपवायची. आधी हात. मग साबणाची वडी, कारण तिला मळके हात लागलेले. मग तांब्या बाहेरून. मग पुन्हा हात. तेवढ्यात तांब्याचा काठ पिंपाला लागल्यासारखं वाटलं की सगळं पहिल्यापासून. बाहेरून आई हाका मारायची, अण्णा पाण्यावरून चिडायचे, आणि ताई आत मोरीत रडत रडत हात धुवत असायची. ती रडत असायची हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर आमच्या घरात एकच वाक्य होतं: 'हिला स्वच्छतेचं वेड आहे.'

स्वच्छतेची आवड म्हणावी, तर तिच्या खोलीत कपड्यांचा ढीग पडलेला असायचा. कपाटाला हात लावला की पुन्हा मोरी गाठावी लागेल, म्हणून ती कपाटच उघडत नसे. केस विंचरणं टाळायची, कारण फणी खाली पडली तर काय करायचं हा प्रश्न. घरातली सगळ्यात 'स्वच्छताप्रिय' मुलगी तीन-तीन दिवस त्याच कपड्यांत असायची. या एका गोष्टीवरून आम्हाला कळायला हवं होतं की प्रकरण स्वच्छतेचं नाही.

हल्ली ऑफिसात, कॉलेजात, अगदी लग्नाच्या पंगतीतही 'मला ना ओसीडी आहे' हे वाक्य कानावर पडतं. म्हणजे काय, तर चादरीला सुरकुती चालत नाही, मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागतात, भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की उठून सरळ केल्याशिवाय राहवत नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला खरोखर हा आजार आहे तो ते वाक्य ऐकतो आणि मनात म्हणतो, 'यांना ओसीडी असून हे हसतायत. मग मला जे होतंय ते काहीतरी वेगळंच, भयंकर असणार.' आणि तो गप्प बसतो. म्हणून हा फरक नीट समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत याला 'कल्पना-क्रिया अनिवार्यता' असा जड शब्द आहे, पण बोलीत एक जुना शब्द आहे तो मला जास्त जवळचा वाटतो: मंत्रचळ. एकच मंत्र पुटपुटत राहावं तसं मन एकाच जागी गरगरत राहतं, हे त्या शब्दात ऐकू येतं.

आजाराचे भाग दोन. पहिला भाग विचाराचा. नको असताना मनात घुसणारा, पुन्हा पुन्हा येणारा आणि अंगावर काटा आणणारा विचार, चित्र किंवा ऊर्मी. दुसरा भाग कृतीचा. त्या विचाराने उसळलेली भीती शमावी म्हणून केलेली क्रिया. धुणं, तपासणं, मोजणं, पुन्हा वाचणं, देवाची क्षमा मागणं, दुसऱ्याला 'काही झालं नाही ना?' असं विचारत राहणं. कृती केली की भीती उतरते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग शंकेची पाल पुन्हा चुकचुकते, आणि या खेपेला ती आधीपेक्षा थोडी लवकर चुकचुकते.

एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर याला 'शंकेचं वेड' म्हणत. त्यांच्यातल्या एस्किरोल नावाच्या डॉक्टरांनी १८३८ मध्ये एका ३४ वर्षांच्या बाईची हकीकत नोंदवून ठेवली आहे. मावशीच्या घरातून निघताना तिच्या मनात येई, आपल्या एप्रनच्या खिशातून मावशीची एखादी वस्तू तर आपण नेत नाही ना? पुढे पैशांची देवाणघेवाण करताना बोटांना नाणं चिकटून राहिलं असेल अशी भीती वाटायला लागली. मग हात झटकणं आलं, बोटं तपासणं आलं, कपडे झाडणं आलं. आणि आपली शंका खुळी आहे हे त्या बाईला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. जवळपास दोनशे वर्षं झाली, पण ही हकीकत वाचताना मला आमची मोरीच दिसते. ताईलाही ठाऊक होतं. 'मला कळतंय गं, हात स्वच्छ आहेत. पण वाटत नाही ना तसं,' हे तिचं वाक्य. कळणं आणि वाटणं यांची फारकत झालेली.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना चकित करेल. असे भलतेसलते विचार फक्त आजारी माणसाच्या डोक्यात येतात असं अजिबात नाही. १९७८ मध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, की नको असलेले, विचित्र, घाण किंवा हिंसक विचार तुमच्या मनात कधी येतात का? जवळपास ८० टक्के लोक 'हो' म्हणाले. त्यांनी हेही दाखवलं की निरोगी माणसांचे विचार आणि रुग्णांचे विचार चिठ्ठ्यांवर लिहून समोर ठेवले, तर कुठली चिठ्ठी कुणाची हे तज्ज्ञांनाही धड ओळखता येत नाही.

स्वतःला विचारून बघा. गच्चीच्या कठड्याशी उभं असताना 'उडी मारली तर?' असं क्षणभर वाटलं असेल. फलाटावर लोकल येताना शेजारच्या माणसाला ढकलण्याचं चित्र डोळ्यांसमोरून सरकून गेलं असेल. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन जिना उतरताना, देवळात आरती चालू असताना, मयताच्या घरी बसलेले असताना काहीतरी भलतंच मनात आलं असेल. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण आपल्या आजीपणजीने कुठलंही सर्वेक्षण न करता बनवली आहे. बहुतेकांच्या मनात असा विचार येतो आणि 'श्शी, काहीतरीच' म्हणून निघून जातो. मंत्रचळ लागलेल्या माणसाच्या मनात तोच विचार येतो आणि तिथेच अडकतो.

का अडकतो? कारण तो माणूस त्या विचाराला अर्थ चिकटवतो. 'असं माझ्या मनात आलंच कसं? म्हणजे मी तसा आहे का?' किंवा, 'मनात आलंय म्हणजे होणार. आणि झालं तर जबाबदारी माझी.' ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये या जबाबदारीच्या फुगलेल्या भावनेवर बोट ठेवलं. रस्त्यात काचेचा तुकडा दिसला तर आपण वाटलं तर उचलतो, नाहीतर पुढे जातो. या माणसाला वाटतं, मी उचलला नाही आणि उद्या एखाद्या मुलाच्या पायात गेला तर ते मीच केलं. म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परत येतो. परत येऊन तुकडा उचलतो. मग घरी पोचल्यावर वाटतं, बारीक कण राहिले असतील.

आणि विचार हाकलून लावायला जावं तर तो जास्तच जोर धरतो. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. अस्वल काही जाईना, आणि मग बंदी उठवल्यावर तर ते, ज्यांना अशी बंदी घातलीच नव्हती त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा यायला लागलं. 'अगं, तो विचार सोडून दे ना' हा आपण सगळ्यात सहज देतो तो सल्ला, म्हणून कामाचा नाही.

गॅसचं उदाहरण मला इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण ते घराघरातलं आहे. रात्री झोपायच्या आधी रेग्युलेटरचं बटण बंद आहे का हे एकदा बघणं, ही शहाणपणाची सवय. गावाला जाताना रिक्षात बसल्यावर 'गॅस बंद केला होता ना रे?' असं नवऱ्याला विचारणं, हेही सगळ्यांचं. पण काही जण बघतात, परत येऊन बघतात, बटणावर हात ठेवून 'बंद, बंद, बंद' असं मोठ्याने म्हणतात, फोनमध्ये फोटो काढतात, आणि फोटो बघूनही वाटतं की हा कालचा तर नसेल? अशा माणसाची स्मरणशक्ती कमकुवत असेल असं आपल्याला वाटतं. नेदरलँड्समधल्या मार्सेल फान डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांनी २००३ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी तयार केली आणि ओसीडी नसलेल्या लोकांना तिची बटणं चालू-बंद करून पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी विचारलं, मघाशी कुठली बटणं तपासलीत? उत्तरं बरोबर आली. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत. पण पुन्हा पुन्हा तपासलेल्या लोकांना ती आठवण धूसर वाटायला लागली होती, तपशील पुसट झाले होते, आणि आपल्या आठवणीवरचा विश्वास ढासळला होता.

हे थांबून पुन्हा वाचण्यासारखं आहे. खात्री नाही म्हणून माणूस तपासतो हे खरंच. पण जितकं तपासावं तितकी खात्री कमी होते, हेही खरं. एकाच रस्त्याने रोज गेल्यावर आजचा प्रवास वेगळा आठवत नाही, तसं विसावं तपासणं एकोणिसाव्यात मिसळून जातं. ज्या कृतीने माणूस सुटका करून घ्यायला बघतो तीच त्याला आत ओढते. निरोगी माणसांमध्ये थोड्या वेळात हे होतं, तर रोज दोन तास तपासणाऱ्याचं काय होत असेल?

मग रेघ कुठे ओढायची? डॉक्टरांच्या निकषांत एक ढोबळ माप आहे: हे विचार आणि या कृती दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ खात असतील, किंवा त्यांच्यामुळे खूप त्रास होत असेल, किंवा शिक्षण, नोकरी, संसार यांत अडथळा येत असेल, तर तो आजार. येल आणि ब्राऊन या अमेरिकी विद्यापीठांतल्या तज्ज्ञांनी १९८९ मध्ये आजाराची तीव्रता मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यातले दहा प्रश्न विचारतात काय? वेळ किती जातो, कामात अडथळा किती, जिवाला त्रास किती, तुम्ही विरोध किती करता आणि ताबा किती राहतो. विचारांसाठी पाच, कृतींसाठी पाच. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. तुम्ही डबे लावता की हात धुता की मनातल्या मनात आकडे मोजता, याला गुण नाहीत.

म्हणून 'अमुक केलं तर ओसीडी आणि तमुक केलं तर नाही' अशी यादी करता येत नाही. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: थांबायचं कधी, हे कोण सांगतं? २०२० मध्ये करोना आला तेव्हा अख्खं जग हात धुवायला लागलं. पण सगळ्यांना सांगितलं होतं, वीस सेकंद. वीस सेकंद झाले की टॉवेल. ताईच्या आजारात वीस सेकंद नावाची गोष्टच नव्हती. तिला 'बरं वाटेपर्यंत' धुवायचं होतं, आणि ते बरं वाटणं दर महिन्याला आणखी लांब जात होतं.

डबे उंचीप्रमाणे लावणाऱ्या काकूंना डबे लावल्यावर छान वाटतं. चहा घेता घेता त्या फडताळाकडे बघतात आणि समाधानाने मान हलवतात. पाहुण्यांच्या पोराने डबे उलटेसुलटे केले तर त्या कुरकुरतील, पण पोराला लाडू देतील. भारताची मॅच चालू असताना उशी मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसणारे काका, डाव्या पायाचं पॅड आधी बांधणारा सचिन तेंडुलकर, परीक्षेला तेच पेन नेणारी भाची, हे सगळे याच रांगेतले. सवय मोडली तर रुखरुख लागते, पण दिवस पुढे जातो. लहान मुलंही साधारण दोन ते सहा वर्षांची असताना 'हीच वाटी, हीच गोष्ट, आणि पांघरूण असंच' असा हट्ट धरतात. तो वाढीचा भाग आहे, त्याला घाबरायचं कारण नाही.

सोवळ्याचं काय, असं मला नेहमी विचारतात. आमची आजी कडक सोवळ्यातली. ओलेत्याने पाणी भरायची, स्वयंपाक होईपर्यंत आम्हाला शिवू द्यायची नाही. सोवळं-ओवळं आणि विटाळाच्या कल्पनेने आपल्या समाजात माणसांना, विशेषतः बायकांना आणि तथाकथित खालच्या जातींना केवढा अपमान सोसावा लागला, हे मला माहीत आहे आणि त्याची भलामण मी करणार नाही. पण आजारापुरतं बोलायचं तर आजीच्या नियमांना सुरुवात होती, शेवट होता, आणि ते तिच्यासारख्या इतर बायकांनाही ठाऊक होते. नैवेद्य झाला की ती निवांत जेवायची. आजार असतो तिथे नियम एकट्याचे होतात आणि वाढत जातात. स्तोत्र म्हणताना एक अक्षर घसरलं म्हणून पहिल्यापासून, पुन्हा घसरलं म्हणून पुन्हा. समईची वात विझायची वेळ येते तरी पूजा संपत नाही, आणि करणाऱ्याच्या चेहऱ्यावर भक्ती नसते, भीती असते.

आता ज्या प्रकाराबद्दल कुणी बोलत नाही त्याबद्दल. ओसीडी म्हटलं की धुणं आणि नीटनेटकं लावणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण बऱ्याच जणांचा आजार बाहेरून दिसतच नाही. पोटच्या बाळाला आपल्या हातून इजा होईल असा विचार छळतो, म्हणून नवी आई सुरी लपवून ठेवते आणि बाळाला अंघोळ घालायला सासूला सांगते. देवाच्या मूर्तीकडे बघताच मनात शिवी येते, म्हणून धार्मिक माणूस देवळात जाणं सोडतो. लहान मुलांबद्दल, नात्यातल्या माणसांबद्दल लैंगिक चित्रं मनात येतात आणि माणूस स्वतःची किळस करत खोलीत बसून राहतो. गाडीचं चाक खड्ड्यात आपटलं की 'कुणी चाकाखाली आलं का?' म्हणून कुणी तीनदा मागे वळून तोच चौक तपासतो. यांतल्या कित्येकांच्या कृती मनातल्या मनात चालतात. वाईट विचारावर चांगला विचार ठेवणं, प्रार्थना पुटपुटणं, 'मी तसा नाही' हे स्वतःला पटवण्यासाठी जुने प्रसंग उकरून तपासणं.

या लोकांना मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. तो विचार तुमची इच्छा नाही. आजार नेमका तिथे चावतो जिथे तुमचा जीव गुंतलेला असतो. बाळावर जीव आहे म्हणून बाळाचा विचार, देवावर श्रद्धा आहे म्हणून देवाचा. ज्याला खरोखर इजा करायची असते त्याला त्या विचाराची अशी शिसारी येत नाही. बाळंतपणानंतर हा आजार उफाळू शकतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे हे बोललात म्हणून तुम्हाला कुणी राक्षस ठरवणार नाही. बाळंतपणानंतरचा एक वेगळा, तातडीचा आजार मात्र असतो. त्यात आईला भास होतात, कानात आवाज येतात, किंवा विचित्र समजुती तिला खऱ्याच वाटायला लागतात. तसं दिसलं तर एक दिवसही वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

अजून एक गल्लत होते. अतिशय काटेकोर, सगळं माझ्याच पद्धतीने झालं पाहिजे म्हणणारा, कामात गढलेला, नियमांवर बोट ठेवणारा साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तसा स्वभाव टोकाला गेला तर त्याचंही वेगळं निदान आहे, नाव ओसीडीसारखंच आहे आणि गोंधळ तिथूनच होतो. पण त्या साहेबाला स्वतःचं वागणं बरोबर वाटतं, त्रास बाकीच्यांना होतो. मंत्रचळ लागलेल्याला स्वतःचंच वागणं परकं वाटतं.

हे कशाने होतं? आनुवंशिकतेचा वाटा आहे. मेंदूतल्या कपाळामागच्या भागापासून खोल गाभ्यापर्यंत जाऊन परत येणारं एक वर्तुळ आहे, ते 'काहीतरी चुकलंय' असा इशारा देतं, आणि या आजारात तो इशारा वाजत राहतो. सायकलच्या घंटीचा खटका अडकावा तसं. १९९२ मध्ये अमेरिकेत लुईस बॅक्स्टर यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूची चित्रं उपचाराआधी आणि नंतर काढली. औषधाने बरे झालेल्यांत त्या वर्तुळातल्या एका केंद्राची धावपळ कमी झालेली दिसली, आणि औषधाविना, नुसत्या वर्तन-उपचाराने, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन कृती रोखण्याच्या सरावाने बरे झालेल्यांतही तीच. आईवडिलांच्या संस्कारांनी हा आजार होतो असं नाही. आमच्या आईने या एका गोष्टीवरून स्वतःला किती वर्षं कोसलं, ते आठवलं की आजही घशाशी येतं.

हा आजार दुर्मीळही नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभरात एक ते तीन जणांना आयुष्यात कधीतरी तो होतो असं दिसतं. बहुतेकदा सुरुवात शाळेच्या वयात किंवा विशीच्या आसपास. ताईचं बारावीत सुरू झालं. अभ्यासाचं टेन्शन आहे, लग्न झालं की सुटेल, असं सगळे म्हणत राहिले. दाखवायला नेलं तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. एका डॉक्टरांनी तिच्या हातांच्या भेगांना मलम दिलं आणि साबण बदलायला सांगितलं. ती भेग का पडली हे त्यांनी विचारलं नाही आणि ताईने सांगितलं नाही.

उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. १९६६ मध्ये लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर एक नवी पद्धत वापरून पाहिली. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ हळूहळू न्यायचं आणि त्यानंतरची कृती करू द्यायची नाही. पुढे त्यातूनच 'सामोरं जाणं आणि कृती रोखणं' ही आजची मुख्य उपचारपद्धत घडली. ऐकायला ती क्रूर वाटते. मलाही वाटली होती. प्रत्यक्षात समुपदेशक रुग्णाबरोबर बसून एक शिडी बनवतात. ताईच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी होती स्वतःच्या चपलेच्या पट्ट्याला एक बोट लावायचं आणि दहा मिनिटं हात धुवायचा नाही. मधल्या पायरीवर कपाट. अगदी वर होतं, पिंपात तांब्या बुडवायचा, तो काठाला लागू द्यायचा आणि तेच पाणी प्यायचं.

पहिल्या दिवशी चपलेला बोट लावून ती पलंगाच्या कडेवर बसली होती. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, जणू तो दुसऱ्याचा आहे. कपाळावर घाम. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ती थरथरत होती. मी घड्याळाकडे बघत होते. नवव्या मिनिटाला तिचा खांदा जरासा खाली आला. धुतल्याशिवाय भीती उतरू शकते हे तिच्या शरीराने नऊ वर्षांत पहिल्यांदा अनुभवलं. कुणी कितीही समजावून सांगितलं असतं तरी ते तिला पटलं नसतं.

औषधांचंही थोडक्यात. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, एस्सिटॅलोप्रॅम या जातीच्या गोळ्या दिल्या जातात, जुन्यांपैकी क्लोमिप्रॅमिन आहे. नैराश्यात लागते त्यापेक्षा जास्त मात्रा यात अनेकदा लागते, आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे फार. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायच्या. कित्येकांना गोळ्या आणि वर्तन-उपचार दोन्ही लागतात. कुठे जायचं हे कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असतात. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सरळ विचारा: 'ओसीडीसाठी सामोरं जाण्याची पद्धत तुम्ही वापरता का?' नुसता धीर देत राहणारा समुपदेशक या आजाराला पुरत नाही.

धीर देणं हा तर घरच्यांचाही मोठा प्रश्न. ताई विचारायची, 'हात नीट धुतले गेलेत ना गं?' मी म्हणायचे, 'हो ताई, एकदम स्वच्छ.' तिला दोन मिनिटं बरं वाटायचं. मग पुन्हा, 'पण अंगठ्याच्या मागे?' दिवसातून पन्नास वेळा मी 'हो' म्हणत होते आणि मला वाटायचं मी मदत करतेय. आई तिच्यासाठी वेगळी बादली भरून ठेवायची. अण्णा बाहेरून आले की दारातच कपडे बदलायचे. सगळं घर आजाराच्या नियमांनी चालत होतं, प्रेमापोटी. समुपदेशक बाईंनी समजावलं की ताईने स्वतः बघणं आणि तुम्ही बघून सांगणं यात आजाराच्या दृष्टीने काहीच फरक नाही. तुमचा 'हो' हीसुद्धा एक कृतीच आहे.

तो 'हो' एका दिवसात बंद करायचा नसतो. रागावून तर नाहीच. ताईला विश्वासात घेऊन, तिच्याशी आधी ठरवून, आम्ही पन्नासाचे तीस केले, तिसाचे दहा. उत्तर काय द्यायचं हेही तिनेच ठरवलं: 'माहीत नाही.' खोटं नाही, टोचून बोलणं नाही. कुणाच्या हातावर काय आहे हे तसंही कुणालाच शंभर टक्के माहीत नसतं. ज्या खात्रीमागे ती इतकी वर्षं धावत होती ती कुणाकडेच नसते, आणि बाकीचे लोक तिच्याविना जेवतात, झोपतात, पोरांना कुशीत घेतात.

ताई आता चाळिशीत आहे. आजार पूर्ण गेला असं ती म्हणत नाही, ताण वाढला की डोकं वर काढतो. गेल्या संक्रांतीला मी माहेरी गेले होते. पाणी येऊन तीन दिवस झालेले, पिंप निम्मं. तिने कडक भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं, मोरीत जाऊन हात धुतले, बाहेर आली आणि दारात थबकली.

'धुतले गेलेत ना गं नीट?'

'माहीत नाही, ताई.'

ती क्षणभर हातांकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसले आणि परातीपुढे बसली.